सासूबाईंना ग्लानी आली, डॉक्टरांना भलतंच ऐकू आलं

पत्राचा गोषवारा: मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

‘सासूबाई ८१ वर्षांच्या. मे महिन्यात दोन दिवस त्या नेहमीपेक्षा जास्तच झोपून होत्या. जेवायला उठवलं की दोन घास खायच्या आणि पुन्हा डोळे मिटायच्या. उन्हाळा आहे, वय आहे, ग्लानी आलीय, पडू दे, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी रात्री मला राहवेना, म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये फोन केला. ड्यूटीवरचे डॉक्टर हिंदी बोलणारे होते. मी म्हटलं, “माँजी को दो दिन से बहुत ग्लानि आ रही है.” ते फार आपुलकीनं बोलले. या वयात मागचं आठवतं, मन खातं, एकटं सोडू नका, बोलतं करा, सवडीनं दाखवायला आणा. मला धीर आला. सकाळी बघते तर त्या हाकेलाही नीट ओ देईनात. लगेच दाखल केलं. रक्तातलं सोडियम ११८ निघालं, म्हणजे फारच कमी. आठवडाभरानं घरी आल्या, आता बऱ्या आहेत. पण इंदूरला राहणाऱ्या माझ्या दिरांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, की ग्लानी म्हणजे पश्चात्ताप, मराठी माणसं हा शब्द चुकीचा वापरतात, आणि वहिनींच्या या चुकीपायी आईची एक रात्र वाया गेली. तेव्हापासून माझ्या मनाला घोर लागलाय. या शब्दाचा खरा अर्थ काय? तो आला कुठून? माझं मराठी चुकलं का? आणि यापुढे दवाखान्यात मराठी शब्द तोंडातून काढायचाच नाही का?’

नमस्कार.

शब्दापासूनच सुरुवात करते, कारण तुम्ही तेच आधी विचारलंय. शिवाय दिरांचं म्हणणं पूर्ण खोटं असतं तर तुम्ही ते झटकून टाकलं असतंत. ते अर्धं खरं आहे, म्हणून टोचतंय.

ग्लानी हा संस्कृतातून थेट आलेला शब्द. त्याचा धातू ग्लै. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, त्याचा अर्थ ‘हर्षक्षय’ असा दिलाय. इथला हर्ष म्हणजे पेढे वाटण्याचा आनंद नव्हे, अंगातली तरतरी असा घ्यायचा. ती कमी होत जाणं म्हणजे ग्लानी. धातुपाठात त्याच्याच जोडीला म्लै हा धातू येतो, ज्याच्यापासून आपला म्लान शब्द झाला. म्हणजे ग्लान आणि म्लान ही सख्खी नसली तरी एका चाळीत वाढलेली भावंडं. पाली भाषेत हाच शब्द गिलान असा होतो आणि त्याचा अर्थ सरळ ‘आजारी माणूस’ असा आहे. भिक्खूंच्या औषधपाण्याबद्दल बोलताना तो येतो, पापपुण्याबद्दल बोलताना नव्हे.

आणखी एक साक्षीदार आहे, आणि तो मला सगळ्यात पटतो. भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव, म्हणजे मनात येऊन-जाऊन असणारे भाव, मोजलेत. त्यात पहिला निर्वेद, दुसरा ग्लानी. ग्लानी कशानं येते, तर ओकाऱ्या, जुलाब, आजारपण, उपास, मनस्ताप, अति मद्यपान यांनी. नटानं ती दाखवायची कशी, तर खोल गेलेला आवाज, निस्तेज डोळे, जड पावलं, अंगाचा कंप. हे वाचताना मला पश्चात्तापानं पोळलेला माणूस दिसत नाही, तापातून उठलेला दिसतो. मन उबगतं, स्वतःचीच लाज वाटते, त्या भावासाठी निर्वेद शेजारीच बसलाय. शुद्ध हरपण्यासाठीही त्या यादीत वेगळा शब्द आहे, मोह. आज आपण मोह म्हटलं की शोरूममधली पैठणी आठवते, पण तो मुह् धातूचा आणि त्याचा मूळ अर्थ चित्त भ्रमणं, भान जाणं.

दीर गीता पुढे करतील. करू देत. ‘यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति भारत’ यातली ग्लानी म्हणजे धर्माचं बळ खचणं. धर्म काही पश्चात्ताप करत बसत नाही.

मग दिरांचा अर्थ आला कुठून? हिंदीतून, आणि हिंदीत तो चोख बरोबर आहे. हिंदीत ग्लानि म्हणजे स्वतःच्या वागण्याची खंत, मन खाणं. आत्मग्लानि हा शब्द तर तिथे रोजचा. मूळ अर्थ बळ ओसरण्याचा. हिंदीनं तो मनाकडे नेला, मराठीनं देहाकडे. आपण म्हणतो ‘तापाच्या ग्लानीत बडबडत होता’, ‘ग्लानी आली आणि खाटेवर पडला’. म्हणजे नुसता थकवाही नाही, त्यात डोळे मिटणं आणि भान मंद होणं आलं. जुन्या अर्थापासून एक पाऊल आपणही सरकलोय, हे मान्य करायला हवं. पण देहाच्या बाजूला सरकलोय, त्यामुळे नाट्यशास्त्रातल्या त्या नटाला तुमची ग्लानी लगेच कळली असती. दिरांची समजायला त्याला जरा वेळ लागला असता.

तेव्हा तुमचं मराठी चुकलेलं नाही. चुकलंच असेल तर इतकंच, की मराठी शब्द हिंदी वाक्यात ठेवला. आणि तो शब्द हिंदीतही असल्यामुळे समोरच्याला अडखळायला झालं नाही. हा मुंबईतला नेहमीचा घोटाळा. जो शब्द दुसऱ्या भाषेत नाहीच, तिथे समोरचा ‘क्या?’ म्हणून विचारतो. जो आहे पण वेगळ्या अर्थानं आहे, तिथे कुणी विचारत नाही, दोघंही समाधानानं फोन ठेवतात. शिक्षा हा शब्द घ्या, हिंदीत शिक्षण आणि आपल्याकडे दंड. भूल घ्या. आपण ऑपरेशनच्या आधी भूल देतो, हिंदीत भूल म्हणजे चूक. ‘आजोबांच्या डोळ्यांवर झापड येते’ हे कुणी हिंदीत जसंच्या तसं सांगू नये, कारण तिकडे झापड म्हणजे थप्पड.

थोडं थांबून आपल्याकडचे या घराण्यातले शब्द एकदा लावून बघते, कारण आपण ते फार सैल वापरतो. भोवळ किंवा घेरी उभ्या उभ्या येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस भिंत धरतो आणि बहुतेकदा मिनिटभरात सावरतो. झापड ही डोळ्यांवरची, दुपारच्या जेवणानंतरची, हलवलं की जाते. तंद्री मुळात संस्कृत तन्द्रा, तिथे ती सुस्तीच. मराठीत मात्र ती बहुधा सुखाची झालीय, गाण्यात किंवा विचारात लागते. गुंगी ही बाहेरून येते, औषधाची, भांगेची, भुलीची. फारसीत गुंग म्हणजे मुका, हिंदीतला गूँगा आणि आपली ‘मती गुंग झाली’ ही याच बाजूची माणसं. सुन्न हा शून्याचा. बधिर हा संस्कृतात बहिरा, आपल्याकडे दंतवैद्याच्या खुर्चीत हिरडीही बधिर होते. बेशुद्ध तर गंमतच, फारसी ‘बे’ला आपली ‘शुद्ध’ जोडलेली. या सगळ्यांत ग्लानी मधली. माणूस पूर्ण आतही नाही, पूर्ण बाहेरही नाही. हाक मारली तर येतो, पण थांबत नाही.

इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे, याचं मला कौतुक आहे. आता जे लिहिणार आहे ते त्या कौतुकावर थोडं पाणी टाकणारं आहे.

दीर आणि तुम्ही भांडताय, पण एका गोष्टीवर तुमचं एकमत आहे. शब्द बरोबर असता तर ती रात्र वाचली असती, हे दोघांनीही धरून चाललंय. मला ते तितकंसं पटत नाही. तुमच्याच पत्रातलं वाक्य बघा, ‘ग्लानी आलीय, पडू दे’. ही सगळी माणसं मराठी होती. शब्दाचा अर्थ सगळ्यांना एकच कळत होता, आणि तो बरोबरही होता. तरी दोन दिवस कुणी उठून दवाखान्यात गेलं नाही. त्या रात्री फोनवर जो गैरसमज झाला त्याच्या आधीच घरात या शब्दानं सगळ्यांना निवांत केलं होतं. ग्लानी म्हटलं की आपल्या मनात कारणही आपोआप येतं. ऊन, अशक्तपणा, वय. नाव मिळालं की शोध थांबतो. तिकडे डॉक्टरांनीही तेच केलं. त्यांना त्यांच्या भाषेतलं एक नाव मिळालं, आणि ‘हाक मारली तर उठतात का?’ हा साधा प्रश्न विचारायचा राहिला. तो विचारणं त्यांचं काम होतं. तुमच्या डोक्यावर जे ओझं घेतलंय, त्यातलं एवढं तरी तिकडे पाठवून द्या.

हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाहीये. राहवेना म्हणून फोन उचलणाऱ्या त्या घरात तुम्ही एकट्या होतात.

मुळात हे कोडं डॉक्टरांनाही चुकलेलं नाही. अर्धवट शुद्धीसाठी वैद्यकातही अनेक शब्द होते, आणि एका डॉक्टरचा ‘अर्धशुद्ध’ दुसऱ्याच्या ‘अर्धशुद्ध’शी जुळायचाच असं नाही. १९७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी त्यावर तोडगा काढला. त्यांनी रुग्णाला नाव देणं बाजूला ठेवलं आणि तीनच गोष्टी बघायला सांगितल्या. डोळे कशानं उघडतो, काय बोलतो, हातपाय कसे हलवतो. आजच्या हिशेबात डोळ्यांना जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण ३ ते १५. आज अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाईक ‘जीसीएस किती आहे’ असं कुजबुजताना ऐकू येतं, ते हेच, ग्लासगो कोमा स्केल. ज्यांच्याकडे शब्दांची कमतरता नव्हती त्यांनीच शब्दांवरचा भरवसा कमी केला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा यापुढे फोनवर कुठला शब्द वापरायचा हा प्रश्न सोडा. माणूस काय करतोय आणि काल काय करत होता, एवढं सांगा. मराठीत सांगा, हिंदीत सांगा, मोडक्यातोडक्यात सांगा. ‘काल स्वतःच्या हातानं जेवल्या, पेपर वाचला. आज हाक मारली की डोळे उघडतात, एखाद-दोन शब्द बोलतात, लगेच पुन्हा झोपतात. वार विचारला तर सांगता येत नाही.’ हिंदीत हवं असेल तर, ‘कल तक बिल्कुल ठीक थीं. आज आवाज़ देने पर आँख खोलती हैं, पर तुरंत सो जाती हैं. पूछो तो ठीक से जवाब नहीं देतीं.’ या वाक्यांत ग्लानी, गुंगी, सुस्ती काहीच नाही, आणि ऐकणारा डॉक्टर कुठल्याही राज्यातला असला तरी त्याचा गैरसमज होणं अवघड आहे. एकच शब्द हवा असेल तर मुंबईतल्या दवाखान्यांत ‘ड्राउझी’ चालतो, पण तोही एकटा सोडू नका.

जाग किती आहे हे बघायला घरच्या घरी चार पायऱ्या पुरतात. माणूस आपणहून जागा आहे. हाकेनं जागा होतो. हाकेनं नाही, पण खांदा चिमटल्यावर किंवा नख दाबल्यावर हलतो. कशानंच हलत नाही. सांगताना पायरी सांगा, आणि सकाळी कुठली होती, आता कुठली आहे, तेही सांगा. पायरी खाली गेलीय एवढं कळलं तरी समोरचा डॉक्टर खुर्चीत सरळ होतो. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवलात तर उत्तमच, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत पेशंट कधी कधी तात्पुरता तरतरीत होतो आणि आपण खोटे पडतो.

मग त्यांना लागणारी बाकीची माहिती. कधीपासून. पडल्या होत्या का, डोक्याला लागलं होतं का, अगदी दोन-तीन आठवड्यांपूर्वी सुद्धा. वयस्कर माणसात डोक्यातला रक्तस्राव हळूहळू साचतो आणि उशिरा दिसतो. ताप, उलट्या, लघवी कमी होणं, धाप. आणि गोळ्या, सगळ्या. झोपेची गोळी नवी सुरू झालीय का, मधुमेहाची गोळी घेऊन जेवण टाळलं का, रक्तदाबासोबत ‘पाण्याची गोळी’, म्हणजे लघवी वाढवणारी, आहे का. फोन ठेवण्याआधी एक वाक्य जरूर विचारा, ‘डॉक्टरसाहब, आपको क्या समझ में आया, एक बार बताइए.’ त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. त्या रात्री तुम्ही हे विचारलं असतंत तर ‘मन खातं’ हे उत्तर ऐकून तुम्हीच दचकला असतात.

फोन करत बसायचंच नाही, अशाही वेळा असतात. हाकेला ओ नाही, तोंड एका बाजूला वाकलंय, एक हात उचलत नाही, बोलणं एकदम बोबडं झालंय, फिट आली, श्वास घरघरतोय, किंवा काल ठणठणीत असलेला माणूस आज ओळखीच्यांना ओळखत नाही, अशा वेळी सरळ १०८ किंवा सोसायटीतली जी गाडी आधी मिळेल ती. तोवर कुशीवर झोपवा. मधुमेह असेल आणि घरी मशीन असेल तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर ती माहिती दवाखान्यात पोचल्या पोचल्या सांगा. माणूस नीट जागा आणि गिळू शकणारा असेल तरच तोंडानं साखर द्या. ग्लानीतल्या माणसाच्या तोंडात लिंबूसरबत ओतणं ही आपल्याकडची सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत घातक सवय आहे, ते फुप्फुसात जाऊ शकतं. कांदा आणि चप्पल हुंगवण्याबद्दल काही लिहीत नाही, तुम्ही ते करणार नाही याची खात्री आहे.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आणखी एक सांगायलाच हवं, कारण हे पत्र वाचणाऱ्या पुष्कळ घरांत ते उपयोगी पडेल. आजारपणात मेंदूचं भान बिघडतं ते दोन तऱ्हांनी दिसतं. एक गडबडीची. माणूस बडबडतो, पांघरूण फेकतो, नसलेली माणसं दिसतात. आपण म्हणतो ‘वात झाला’, आणि सगळं घर जागं होतं. दुसरी शांत. माणूस नुसता पडून राहतो, कमी बोलतो, कमी खातो, विचारलेल्याचं उत्तर उशिरानं देतो. ही दुसरी तऱ्हा अनेकदा नजरेतून सुटते, कारण ती कुणाला त्रास देत नाही. घरातली कामं उलट लवकर उरकतात. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, क्षारांचं बिघडणं, औषधाचा परिणाम यांपैकी काहीही मागे असू शकतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेत सापडल्या तर सुधारतात. तुमच्या सासूबाईंचं तेच झालं.

सोडियमबद्दल, मी डॉक्टर नाही एवढं ध्यानात ठेवून वाचा. रक्तात ते साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. वयस्कर बायकांत ते उतरण्यामागे रक्तदाबाच्या काही ‘पाण्याच्या गोळ्या’ वारंवार सापडतात. त्यात उन्हाळ्यात जेवण अर्धं, ‘बीपी आहे म्हणून’ मीठ स्वतःच बंद केलेलं, आणि ऊन आहे म्हणून वर तांब्या तांब्या साधं पाणी, असं सगळं एकत्र आलं की ते आणखी घसरतं. ११८ हा आकडा बहुधा एका रात्रीत होत नाही, दिवसांचा उतार असतो. आणि तो भरतानाही हळूहळूच भरावा लागतो, घाई केली तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून त्यांना इतके दिवस ठेवलं असणार. त्या एका रात्रीनं नेमका किती फरक पडला, हे त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टरच सांगू शकतील. ग्रुपवर कुणी सांगू शकणार नाही, इंदूरहूनही नाही आणि या सदरातूनही नाही. मनात घोर घेऊन राहण्यापेक्षा पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा. उत्तर कसंही आलं तरी ते तुमच्या कल्पनेपेक्षा लहान असेल, असा माझा अंदाज आहे.

दवाखान्यात मराठी बोलायचं नाही का, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. खुशाल बोला. सायन, केईएम, नायर इथल्या वॉर्डांत देशभरातून आलेले निवासी डॉक्टर ‘कुठं दुखतंय’, ‘दम लागतो का’ हे शिकूनच दिवस काढतात. केरळातून आलेल्या कित्येक सिस्टर आपल्यापेक्षा खणखणीत मराठी बोलतात. अडचण येते ती मराठीत विचार करून हिंदीत बोलताना, आणि ती कुणालाही येते. दिवसा सासूबाईंजवळ कुणी मावशी येत असतील, तुम्ही बँकेत असता म्हणजे बहुधा येत असतील, तर वरच्या चार पायऱ्या त्यांनाही सांगून ठेवा. शब्द नकोत, ‘हाक मारल्यावर उठल्या का, किती वेळ जाग्या राहिल्या’ एवढंच संध्याकाळी विचारत जा. बदल सगळ्यांत आधी त्यांच्या लक्षात येतो, पण त्यांना कुणी विचारत नाही.

आता दीर. तुम्ही धातुपाठ आणि नाट्यशास्त्र ग्रुपवर टाकू शकता. जिंकाल. मला वाटतं, टाकू नये. इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. त्यांच्या कानाला ग्लानीचा हिंदी अर्थच आधी ऐकू येणं स्वाभाविक आहे, आणि तिथे अपमान कुठला नाही. आई आजारी असताना माणूस दूर असला की त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यांच्या हाती एक शब्द लागला, तो त्यांनी धरला. हे मी समजू शकते. पण ‘वहिनींच्या चुकीपायी’ हे वाक्य समजून घ्यायचं नाही. ते त्यांनी मागे घ्यायला हवं, आणि जिथे लिहिलं तिथेच.

ते सांगायचं कुणी? मला तुमच्या पत्रात एक माणूस कुठेच सापडला नाही, तुमचे यजमान. आई त्यांची. ते दोन दिवस घरी होते की नव्हते, फोन तुम्हीच का केलात, ग्रुपवर धाकट्या भावानं बायकोला दोष दिला तेव्हा ते काय म्हणाले, यातलं एकही वाक्य पत्रात नाही. तुम्ही मुद्दाम वगळलं असेल तर तुमची मर्जी. वगळलंय हेही लक्षात आलं नसेल, तर जरा थांबून बघा. भावाला फोन त्यांनी करावा. मोठ्या चर्चेची गरज नाही. ‘दोन दिवस आम्हा सगळ्यांना वाटलं उन्हाचं आहे, हिनं निदान फोन तरी केला’ एवढं त्यांच्या तोंडून जाऊ दे. ते बोलायला तयार नसतील, तर तुम्हीच दिरांना फोन करा, ग्रुपवर लिहू नका. आवाजात राग आला तरी चालेल. गप्प बसण्याचा पर्याय मला सगळ्यांत कमी पसंत आहे. पुढच्या वेळी राहवेनासं झालं तर फोन उचलायला तुमचाच हात कचरेल, आणि नुकसान सासूबाईंचं होईल.

त्याच फोनवर दिरांना एक काम द्या. आईच्या गोळ्यांची पूर्ण यादी, डोस आणि सुरू केल्याची तारीख त्यांनी लिहून सगळ्यांच्या मोबाइलवर ठेवावी. रोज ठरल्या वेळी आईला व्हिडिओ कॉल करावा आणि दोन मिनिटं गप्पा माराव्यात. कालची भाजी कुठली, कुणाचा फोन आला होता. लांब राहणाऱ्या मुलाला हे तुमच्यापेक्षा बरं जमेल. रोज शेजारी असणाऱ्याला हळूहळू होणारा फरक दिसत नाही, दिवसातून एकदाच बघणाऱ्याला पटकन दिसतो.

सोडियम पुन्हा कधी तपासायचं ते पत्रात नाही. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर तारीख असेल, नसेल तर फोन करून विचारा. ‘पाण्याची गोळी’ असलीच तर ती कायमची बंद की काही दिवस, मीठ किती, दिवसाला पाणी किती, आणि कुठलं लक्षण दिसलं तर तपासणीची वाट न बघता यायचं, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. या खेपेला उत्तरं यजमानांना लिहून घेऊ द्या.